चार नंबरचा मेंदू

मेंदूची कड काढताना शिंक आलीच, तर उल्का मेहेंदळे आधी माऊसवरचा हात उचलत आणि मग शिंकत. फार वर्षांची सवय. पूर्वी हातात शाईचं पेन असायचं आणि खाली ट्रेसिंगचं कापड. तिथे एका शिंकेपायी आख्खा नकाशा पुन्हा काढावा लागे.

एका सरकारी नकाशा-कचेरीत त्या एकोणीस वर्षं अनुरेखक होत्या. जुन्या नकाशावर पारदर्शक कापड अंथरायचं, खुणेचे दगड एकमेकांवर जुळवायचे आणि नव्या मोजणीत नदीचा काठ कुठे सरकला ते बारीक रेघेने दाखवायचं, हे त्यांचं काम. मग कचेरीत संगणक आले आणि अनुरेखक हे पदच राहिलं नाही. निरोपाच्या दिवशी साहेबांनी शाल दिली, नारळ दिला आणि "आता घरी बसून देवदेव करा" असंही सांगितलं. देवदेव त्या आधीपासूनच करत होत्या, त्यामुळे तो सल्ला वाया गेला.

वर्षभरात त्यांना कर्वेनगरजवळच्या एका इस्पितळात काम मिळालं. तिथे डॉक्टर श्यामसुंदर आगाशे विसरभोळेपणाच्या आजारावर संशोधन करत होते. साठ रुग्ण, एक नवं औषध आणि दर वर्षी प्रत्येकाच्या डोक्याचा एमआरआय. आजार वाढतो तसा मेंदू आकसतो. तो वर्षात किती आकसला हे नेमकं कळलं, तर औषध उपयोगी पडतंय की नाही ते कळणार. एका स्कॅनमध्ये मेंदूच्या सव्वाशे चकत्या दिसत. उल्काताई पडद्यावर प्रत्येक चकतीची कड माऊसने काढत, संगणक त्यांची बेरीज करून मेंदूचं आकारमान सांगे. एका मेंदूला दीड दिवस लागे. ते दोन वर्षं चाललं होतं, आणि उल्काताईंच्या हाताइतका स्थिर हात इस्पितळातल्या सर्जनांचाही नसेल, असं डॉक्टर आगाशे म्हणत. अर्थात सर्जनांच्या माघारी.

मग शेजारच्या टेबलावर सौमित्र आला. वय सव्वीस. हिंजवडीतली चांगली नोकरी सोडून आलेला. त्याने तीन वर्षं खपून एक प्रोग्रॅम लिहिला होता. तो हात न लावता वीस मिनिटांत मेंदूतला फरक सांगे.

"उल्काताई, तुम्ही एक मेंदू संपवता तेवढ्यात माझे शंभर होतात," तो म्हणाला होता.

"हो का," उल्काताई म्हणाल्या होत्या. "मग उरलेल्या वेळात तू चहाची भांडी विसळत जा."

तेव्हापासून दोघांचं बरं जमलं होतं. पण साठही रुग्ण एकाच पद्धतीने मोजायचे होते. हात किंवा प्रोग्रॅम, दोन्हींतलं एकच राहणार होतं. हात राहिला नाही तर अनुरेखकाचं पद दुसऱ्यांदा जाणार, हे उल्काताईंना कोणी सांगायची गरज नव्हती. वय अठ्ठेचाळीस. तिसऱ्यांदा कोण विचारणार होतं?

निवडीसाठी डॉक्टरांनी साधी परीक्षा लावली. इस्पितळातल्याच सहा धडधाकट माणसांचे पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-दोन स्कॅन काढायचे. पंधरा दिवसांत निरोगी मेंदू काही आकसत नाही. तेव्हा ज्या पद्धतीचं उत्तर शून्याच्या जवळ, ती खरी. नावं झाकून प्रत्येकाला नंबर दिला होता आणि नावांची यादी बंद पाकिटात डॉक्टरांच्या कपाटात होती. सहा जणांत उल्काताईही होत्या. स्कॅन काढणाऱ्या रुपालीने दुसऱ्या खेपेला, संध्याकाळी, त्यांना चहा विचारला होता. "नको गं, पित्त झालंय," असं म्हणून त्या बांगड्या उतरवून मशिनमध्ये आडव्या झाल्या होत्या.

त्यानंतर आठवड्याने मार्केट यार्डातले कोंडीराम हमाल बायकोला घेऊन आले. मालनबाईंचा वर्षाचा स्कॅन होता. बाई बाकावर शांत बसून होत्या, हातातली पिशवी कुणाची, असं मधूनमधून नवऱ्याला विचारत होत्या. उल्काताईंनी पाण्याचा पेला पुढे केला तसा त्यांनी तोंड फिरवलं.

"न्हाई घ्यायची ती," कोंडीराम म्हणाले. "एकादस हाय. पाणी बी चालत न्हाई तिला. माझं नाव इसरती, लेकीचं नाव इसरती, पर एकादस इसरत न्हाई."

"मग हे काय कमी आहे," उल्काताई म्हणाल्या.

कोंडीरामांनी पडद्याकडे बोट केलं. "बाई, तुमी ह्ये मोजता कसं?"

उल्काताईंनी सांगितलं. मागच्या वर्षीचा मेंदू मोजायचा, यंदाचा मोजायचा, दोन्हींची वजाबाकी करायची. अकराशे मिलिलिटरच्या आसपास असतो, त्यातला दहा-वीसचा फरक बघायचा.

कोंडीराम पडद्याकडे वाकले. "म्हंजी भरला ट्रक काट्यावर चढवायचा, मग मूठभर दाणं काढून परत चढवायचा, आन् म्हणायचं मूठ केवढी ती बघू. आमच्या काट्यावर न्हाई व्हायचं ह्ये. काटाच दोन मुठी इकडंतिकडं करतो."

शेजारी सौमित्र टाइप करता करता थांबला. उल्काताईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. बोलणं मनाला लागलं होतं, कारण ते खरं होतं.

निकालाची बैठक दोन आठवड्यांनी झाली. डॉक्टर आगाशे चष्मा कपाळावर चढवून कागद वाचत होते.

"मेहेंदळे बाईंचा हात. पहिला माणूस, मेंदू एक पूर्णांक एक टक्का वाढला. अभिनंदन त्याचं. दुसरा, पाऊण टक्का कमी. तिसरा, अर्धा टक्का जास्त. चौथा जवळजवळ शून्य. पाचवा, सहावा, परत अर्ध्या-पाऊण टक्क्याची चूक." त्यांनी कागद बदलला. "आता सौमित्ररावांचा प्रोग्रॅम. शून्य, शून्य, एक दशांश, मग चौथा... मग परत शून्य, एक दशांश."

"चौथ्याला किती, सर?" सौमित्रने विचारलं. त्याला ठाऊक होतं, तरी विचारलं.

"सहा दशांश टक्के कमी. चांगल्या माणसाचं दीड-दोन वर्षांत जेवढं आकसतं, तेवढं ह्याचं पंधरा दिवसांत. काय करत होता हा माणूस, तुझा कोड वाचत होता?"

"पाच बरोबर आहेत, सर."

"पाच वेळा नीट उतरणारं विमान सहाव्या वेळी झाडावर उतरलं, तर तू त्यात बसशील?" डॉक्टरांचा आवाज चढला नाही. तो कधीच चढत नसे. "बाईंचा हात चुकतो, पण सगळीकडे थोडाथोडा चुकतो. ते हिशेबात धरता येतं. तुझा प्रोग्रॅम देवासारखा वागता वागता एकदम थाप मारतो, आणि मारताना डोळाही मिचकावत नाही. दोन दिवसांत चूक सापडली तर दाखव. नाहीतर शनिवारी आपण हात ठरवतोय."

सौमित्र जागेवर येऊन बसला. त्याने चौथ्या नंबरचे दोन्ही स्कॅन पडद्यावर एकावर एक ठेवले. उल्काताई खुर्ची सरकवून बघत राहिल्या. आजवर त्यांनी त्याच्या प्रोग्रॅमकडे असं बसून कधी पाहिलंच नव्हतं.

"हा वजाबाकी नाही करत?"

"नाही. दोन्ही स्कॅन हाडाच्या खुणांवर जुळवतो आणि फक्त कड किती सरकली ते बघतो. आकारमानाचा संबंधच नाही."

उल्काताईंनी खुर्ची आणखी जवळ ओढली. खुणेचे दगड जुळवायचे आणि काठ कुठे सरकला ते बघायचं. एकोणीस वर्षं त्यांनी दुसरं काय केलं होतं? हा मुलगा त्यांचंच काम करत होता, आणि त्या इथे येऊन भरला ट्रक काट्यावर चढवत बसल्या होत्या.

पडद्यावर मेंदूच्या कडेने निळी रेघ उमटली होती. सगळीकडून सारखी, केसाएवढी आत. मेंदूतली पाण्याची पोकळी तेवढीच रुंद झाली होती.

"बघा ना," सौमित्र म्हणाला. "एका जागी चुकला असता तर समजलो असतो. हा चहूबाजूंनी सारखा चुकलाय."

नदीचा काठ दोन्ही अंगांनी सारखाच आत आला, तर मोजणीदार चुकलेला नसतो. पाणी उतरलेलं असतं. उल्काताईंची नजर स्कॅनच्या कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांवर गेली. तारीख आणि वेळ. संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं.

ती तारीख त्यांना पाठ होती. त्या दिवशी संकष्टी होती, आणि संध्याकाळी सहाला मशिनमध्ये आडव्या झालेल्या त्याच होत्या.

संकष्टी पुण्यात घरोघर होते. साबुदाण्याची खिचडी खाऊन, चहा पिऊन होते. उल्काताईंची तशी नव्हती. त्या आदल्या रात्रीपासून चंद्रोदयापर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. हे व्रत त्यांच्या आईचं. शेवटच्या वर्षांत आईला तिथी आठवेनाशी झाली, वार आठवेना, पुढे उल्काही आठवेना. तेव्हा आईच्या वतीने म्हणून त्यांनी ते उचललं, त्याला अकरा वर्षं झाली होती. आईने एकच बजावलं होतं, व्रत बोलून दाखवायचं नाही. बोललं की ते आपलं राहत नाही. म्हणून दर महिन्याला एकदा उल्काताईंना पित्त होई. इस्पितळात सगळ्यांना त्यांच्या पित्ताची काळजी वाटे. रुपालीने एकदा कोकमाचं सरबतही करून आणलं होतं.

त्या संध्याकाळी त्या कसब्यात बसमधून उतरल्या आणि घरी जायच्या आधी गणपतीपुढे जाऊन बसल्या. गर्दी नव्हती. समोर एक बाई दुर्वा निवडत होती.

आपण काहीच करायचं नाही, असं त्यांनी मनाशी मांडून पाहिलं. खोटं बोलायचं नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहायचं तर आईनेच सांगितलेलं. शनिवार येईल आणि जाईल. हात राहील. पाकीट कपाटातच राहील.

मग त्यांना मालनबाईंनी फिरवलेलं तोंड आठवलं. त्या दिवशी एकादशी होती. आपल्या हाताला ते कळणार नाही. आपला हात कधी टक्काभर वाढवेल, कधी टक्काभर घटवेल. कोंडीरामांना काहीतरी आकडा सांगितला जाईल आणि ते तो मार्केट यार्डापर्यंत डोक्यावर वाहून नेतील. बाईंचं सगळं विसरून झाल्यावर एकच गोष्ट त्यांनी घट्ट धरून ठेवली होती, आणि त्याच गोष्टीपायी त्यांचा आकडा वाईट यायचा.

उल्काताईंनी हात जोडले. देवाला त्यांनी काही विचारलं नाही. फक्त उद्या काय बोलणार आहे ते सांगितलं, म्हणजे आधी त्याच्या कानावर जाईल.

सकाळी डॉक्टरांच्या खोलीत सौमित्र आधीच होता. डोळे लाल, केस विस्कटलेले.

"सर, चूक नाही सापडत," तो म्हणत होता.

"नसेलच ती," उल्काताई दारातून म्हणाल्या. "सर, चार नंबर मी आहे."

डॉक्टरांनी चष्मा खाली आणला. "पाकीट फोडलंत?"

"नाही. वेळ बघितली." मग त्यांनी सगळं सांगितलं. सांगताना त्या पदराच्या टोकाकडे बघत होत्या. आदल्या रात्रीच्या नवापासून पाणी नाही, म्हणजे स्कॅनला एकवीस तास झाले होते. पहिला स्कॅन साध्या दिवशी, जेवून. "पाण्याविना अंग सुकतं, ओठ सुकतात. तर मेंदूही सुकत असेल थोडा. मला शास्त्र माहीत नाही."

डॉक्टरांनी हातातला कागद टेबलावर ठेवला.

"म्हणजे दर महिन्याचं ते पित्त..." सौमित्र म्हणाला.

"तेच."

"मी तुम्हाला गोळ्या आणून दिल्या होत्या, ताई."

"तुळशीत पुरल्या. तुळस बरी आहे."

डॉक्टर हसले नाहीत. ते उठून खिडकीपाशी गेले. "अहो मेहेंदळे बाई, आम्ही अर्जात विचारलं, शरीरात लोखंड आहे का, पेसमेकर आहे का, बंद जागेची भीती वाटते का. आणि ज्या देशात निम्मा गाव आठवड्यातून एकदा उपाशी असतो, तिथे पाणी प्यालात का, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. मलाही नाही. माझी आई शनिवार करायची." ते वळले. "पण हा अंदाज झाला. सिद्ध करावं लागेल. उद्या दिवसभर पाणी न पिता येता का?"

"उद्या नाही. नऊ दिवसांनी."

"पाणी न पिण्याला तिथी लागते?"

"मला लागते," उल्काताई हळू आवाजात म्हणाल्या. डॉक्टरांनी टेबलावरच्या कॅलेंडरातला शनिवार खोडला.

"सर, माझाही स्कॅन काढा," सौमित्र म्हणाला. "एका माणसावर काय सिद्ध होणार? मीही करतो त्या दिवशी. तसंच, पाण्याशिवाय."

"तुला जमेल?" उल्काताईंनी विचारलं.

"प्रोग्रॅमसाठी मी काहीही करीन. देवाला कळवू नका फक्त."

संकष्टीच्या दिवशी सौमित्र सकाळी अकरापर्यंत ठीक होता. बाराला त्याने विचारलं, की चूळ भरलेली चालते का. दोनला तो कूलरला पाठ करून बसला. चारला म्हणाला, "ताई, अकरा वर्षं?"

"बोलू नकोस. बोललं की घसा जास्त कोरडा पडतो."

"तुम्हाला काय मिळतं ह्यातून?"

उल्काताईंनी जरा विचार केला. "आई होती तेव्हा तिला मी ओळखू येत नव्हते, पण चंद्र दाखवला की हात जोडायची. तेवढ्यापुरतं आम्ही दोघी एकीकडेच बघायचो." मग त्यांनी माऊस पुढे ओढला. "कर आता काम."

सहा वाजता रुपालीने दोघांचे स्कॅन काढले. आज तिने चहा विचारला नाही. घरी चंद्रोदयाला उल्काताईंनी नेहमीसारखं अर्घ्य दिलं, मोदक ठेवला आणि मग नेहमीपेक्षा एक तांब्या जास्त प्यायल्या. सकाळी नऊ वाजता दोघं पुन्हा मशिनमध्ये जाऊन आले.

वीस मिनिटं तिघंही पडद्यासमोर बसून राहिले. आधी उल्काताईंचा आकडा आला. रात्रीतून मेंदू सहा दशांश टक्के वाढला होता. कड सगळीकडून सारखी, केसाएवढी बाहेर. मग सौमित्रचा. पाच दशांश.

सौमित्रने दोन्ही तळवे डोळ्यांवर दाबले. तीन वर्षं आणि एक संकष्टी.

"थाप मारत नव्हता तर," डॉक्टर म्हणाले. "उपास ओळखत होता. बाई, तुमचा हात हे ओळखेल?"

"नाही," उल्काताई म्हणाल्या. "माझ्या हाताची चूकच ह्याहून मोठी आहे." हे म्हणायला त्यांना वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही.

"मग ठरलं. प्रोग्रॅम." डॉक्टरांनी वहीत लिहिलं आणि पेन थांबवलं. "पण सौमित्र, तो मेंदू कुठे सुरू होतो हे कसं ठरवतो? परवा बत्तीस नंबरला डोळ्याची शीर मेंदूत धरली होती त्याने."

सौमित्रने कान खाजवला. "पहिल्या स्कॅनची कड थोडी... म्हणजे कवटीखालचा पडदा पण घेतो कधीकधी. पहिली कड कुणी हाताने बरोबर करून दिली, तर पुढचं सगळं नेमकं येतं. मी सांगणारच होतो."

"कधी? निवृत्त झाल्यावर?" डॉक्टर उल्काताईंकडे वळले. "साठ मेंदूंच्या पहिल्या कडा. शिवाय ह्यापुढे प्रत्येक रुग्णाला स्कॅनआधी विचारायचं काम तुमचं. काय खाल्लं, किती पाणी प्यालं, कुठला वार. मी विचारलं तर लोक खोटं सांगतील. तुम्हाला सांगतील."

"मीच दोन वर्षं पित्त सांगत होते, सर."

"म्हणूनच. ते सगळे बहाणे तुम्हाला ठाऊक आहेत."

उपास सोडा, असं सांगायचं नाही, स्कॅनचा दिवस बदलायचा, एवढी एक अट उल्काताईंनी घातली. डॉक्टरांनी तीही वहीत लिहिली. मग उल्काताईंनी साठ रुग्णांच्या तारखा पंचांगाशी ताडून पाहिल्या. संशयाच्या सात निघाल्या. पहिलं नाव मालनबाईंचं होतं.

कोंडीराम त्यांना पुढच्या द्वादशीला घेऊन आले. पारणं करून, जेवून, दहाच्या सुमाराला. बाई त्याच बाकावर बसल्या. उल्काताईंनी पेला पुढे केला.

मालनबाईंनी पेल्याकडे पाहिलं, मग उल्काताईंकडे. "आज एकादस न्हाई न्हवं?"

"काल झाली, मावशी. नीट झाली."

बाईंनी पेला दोन्ही हातांनी धरला आणि संपवला. दुसराही संपवला.

त्यांची पहिली कड उल्काताईंनी आधीच काढून ठेवली होती, त्यामुळे दुपारीच आकडा आला. एकादशीच्या स्कॅनने वर्षाची घट दीड टक्क्याच्या वर दाखवली होती. आजच्या स्कॅनने एक टक्क्याला थोडी कमी. डॉक्टर बाहेर येऊन कोंडीरामांशेजारी बाकावर बसले. बाईंना खरं औषध मिळतंय की नुसती साखरेची गोळी, ते संशोधन संपेपर्यंत त्यांनाही कळणार नव्हतं, तेही त्यांनी सांगितलं.

"घट आहे," ते म्हणाले. "पण आम्हाला वाटलं होतं त्याहून हळू आहे. बरीच हळू."

कोंडीरामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "काटा बरूबर हाय का ह्यो?"

"ह्यांना विचारा," डॉक्टर उल्काताईंकडे बघून म्हणाले.

"बरोबर आहे," उल्काताई म्हणाल्या. "आता मूठच मोजतो आम्ही. ट्रक नाही चढवत."

कोंडीरामांनी मान हलवली, बायकोच्या हातातली पिशवी स्वतःकडे घेतली आणि तिला उठवलं. ती दोघं फाटकाबाहेर जाईपर्यंत उल्काताई दारात उभ्या होत्या. मग त्या आत येऊन बसल्या. सौमित्रने पडद्यावर यादीतल्या पुढच्या रुग्णाची मागच्या वर्षीची पहिली चकती लावून ठेवली होती. उल्काताईंनी चष्मा पुसला, माऊस धरला आणि डोळ्याची शीर बाहेर सोडून हळूहळू कड काढायला घेतली.